वाफसा

रानात आलं की आण्णा पहिल्यांदा चप्पल काढतात. बांधावर, एका कडेला, जोडीनं ठेवतात. मग सरीत उतरायचं, टाचेनं माती दाबून बघायची, वाकून मूठभर उचलायची आणि आवळायची. मुठीत गोळा झाला की तो गुडघ्याच्या उंचीवरून सोडून द्यायचा. पडून फुटला तर वाफसा आहे. चेपून तसाच राहिला तर अजून थांबायचं. आणि गोळा झालाच नाही, बोटांतून भुरभुर गळाला, तर आपण उशिरा आलो. माझ्या लहानपणापासून मी हे बघत आलेय. आता आण्णा अठ्ठ्याहत्तर वर्षांचे आहेत, वाकताना एक हात गुडघ्यावर ठेवावा लागतो, पण मूठ आवळल्याशिवाय ते कुणाला रानात औत घालू देत नाहीत.

मी शाळेत विज्ञान शिकवते. मुलांना सांगताना मी ‘वाफसा’ हाच शब्द वापरते, कारण याच्याइतका नेमका शब्द मला पुस्तकात सापडला नाही. मातीच्या कणांमध्ये पोकळ्या असतात. त्या सगळ्या पाण्यानं भरल्या तर मुळं गुदमरतात, सगळ्या रिकाम्या झाल्या तर तहानेनं सुकतात. मोठ्या पोकळ्यांत हवा, बारीक पोकळ्यांत पाणी आणि दोन्ही मुळाच्या आवाक्यात, असे जे थोडे दिवस असतात तो वाफसा. पीक वाढतं ते त्या दिवसांत. बाकीचे दिवस ते नुसतं उभं असतं. उत्पादन वाढवायचं म्हणजे वर्षातले वाफशाचे दिवस वाढवायचे, एवढंच मी गेल्या बारा वर्षांत शिकले. पण ते शिकायला आमचं निम्मं रान गमवावं लागलं होतं.

वाळवा तालुक्यात, कृष्णेच्या काठाला, आमची पावणेतीन एकर जमीन आहे. दीड एकर वरचं रान, सव्वा एकर खालचं, ओढ्याकडेचं. दोन्ही काळं, खोल, भारी. मी चौथीत असताना नदीवरून उपसा योजनेचं पाणी आलं. त्याआधी आमच्यात शाळू, हरभरा, भुईमूग असायचा. पाणी आलं आणि पाचसहा वर्षांत सगळं शिवार ऊस झालं. याबद्दल आज कुणी शेतकऱ्याला नावं ठेवायला लागलं की मला राग येतो. उसाला कारखाना होता, दर ठरलेला होता, पैसे खात्यावर येत होते. शाळवाला यातलं काय होतं? माझं शिक्षण उसावर झालं, आजीचं ऑपरेशन उसावर झालं, घराला स्लॅब पडला तो उसावर. आण्णांनी ऊस केला नसता तर मी हे लिहायला बसले नसते.

पाणीपट्टी एकरावर होती, लिटरवर नव्हती. एक पाळी भरपूर पाजलं काय आणि बेतानं पाजलं काय, पैसे तेवढेच. त्यात लाइट रात्रीची. आण्णा रात्री एकला बॅटरी आणि खोरं घेऊन जायचे, दंडाला पाणी फोडायचे, आणि एक सरी भरेपर्यंत बांधावरच पोतं अंथरून पडायचे. दिवसभर राबलेला माणूस. डोळा लागायचाच. जाग यायची तेव्हा पाणी सरीतून ओसंडून खालच्या रानात उतरलेलं असायचं. वाया गेलं असं तेव्हा कुणाला वाटत नसे. खालच्या रानाला आयतं मिळालं, असंच म्हणायचे.

नव्वदच्या दशकात आडसाली, म्हणजे पावसाळ्यात लावून दीडेक वर्षानं तोडायच्या, उसाला वरच्या रानात एकरी 60 टनांपर्यंत उतारा पडायचा. खालचं रान तर त्याहून सरस. मग हळूहळू आकडे उतरत गेले. आण्णांनी युरियाची पोती वाढवली. दोन वर्षं आकडा सावरला, परत उतरला. परत पोती वाढली. 2012 च्या तोडीला वरचं रान एकरी 31 टन आलं आणि खालचं 14. त्या खालच्या रानाच्या ओढ्याकडच्या कोपऱ्यात चार-पाच गुंठ्यांवर तर उगवणच झाली नव्हती. दुपारी ऊन तापलं की तिथं माती पांढरी दिसायची, कुणी चुना भुरभुरावा तशी. सकाळी लवकर गेलं की ती काळी आणि ओलसर दिसायची आणि पाय टाकला की कच्च्या कणकेत रुतल्यासारखा रुतायचा. मूठ आवळून बघायचा प्रश्नच नव्हता. त्या कोपऱ्याला वाफसा येणं कधीच बंद झालं होतं.

क्षारपड कशी होते हे मी पाठ्यपुस्तकात वाचलं होतं आणि तरी आपल्या रानात ती होताना मला ओळखू आली नाही. काळ्या भारी मातीत चिकणमाती जास्त, तिच्यातून पाणी खाली मुरतं पण वाहून जात नाही. आपण वरून देत राहिलो की जमिनीखालची पाण्याची पातळी चढत येते. ती मुळांच्या पट्ट्यात आली की पाणी दिव्याच्या वातीतून तेल चढावं तसं मातीच्या बारीक पोकळ्यांतून वर चढतं. वर ऊन असतं. पाणी उडून जातं आणि त्यात विरघळलेले क्षार तिथंच राहतात. दर पाळीला थोडे, दर वर्षाला थोडे. हे काही नवीन नाही. नीरा डावा कालवा 1885 साली वाहू लागला आणि पुढच्या काही दशकांतच त्याच्या लाभक्षेत्रातली जमीन पाणथळ आणि खारवट होऊ लागली होती. नीरेजवळच्या पाडेगावला 1932 पासून ऊस संशोधन केंद्र आहे. म्हणजे आमच्या गावात पाइपलाइन पोहोचली तेव्हा हे सगळं माहीत असून पाऊणशे वर्षं होऊन गेली होती. पाणी आलं, पण ते कुठून बाहेर जाणार हे कुणी विचारलं नाही आणि आम्हालाही ते विचारावं असं वाटलं नाही. मला याचं अजून वाईट वाटतं. पाणी आणायचा खर्च आमच्या आज्यानं कर्ज काढून दिला. काढायचा खर्च आम्ही परत कर्ज काढून दिला.

2013 साली आण्णांच्या छातीत दुखायला लागलं, आणि रान माझ्याकडे आलं. मी एकुलती एक. शाळा सकाळची, दुपारी रान. पहिलं काम मी केलं ते माती परीक्षणाचं. खालच्या रानाचा कागद आला: सामू 8.4, क्षारता 6.8, सेंद्रिय कर्ब 0.41. क्षारता 4 च्या वर गेली की जमीन खारवट धरतात, आणि ऊस तर त्याच्या बराच आधी कुरकुरायला लागतो. आण्णांनी कागद चष्म्याजवळ नेऊन वाचला आणि घडी घालून बंडीच्या खिशात ठेवला. त्या दिवशी ते जेवले नाहीत.

उपाय एकाच शेतकऱ्याच्या हातातला नव्हता. निचऱ्याचे पाइप जमिनीखाली साधारण चार फुटांवर टाकायचे असतात. छिद्रं असलेले, नालीदार, वरून गाळणीचं कापड गुंडाळलेले. एकेका रानातले पाइप एका मोठ्या पाइपाला जोडायचे आणि तो ओढ्यात सोडायचा. पण आमच्या रानाचं पाणी ओढ्यापर्यंत जायचं तर ते आणखी चौघांच्या रानांतून जाणार, त्यांच्या वरच्या अंगाला आणखी सात. म्हणजे बाराजण एकत्र आले तरच काम होणार, आणि त्यातल्या दोन घरांचा बांधावरून तीस वर्षांचा वाद, एकमेकांच्या दारातनं जात नव्हते. शिरोळ तालुक्याकडं काही रानांत असं काम झालेलं होतं. आम्ही सगळे टेम्पो करून तिकडची रानं बघायला गेलो. पांढऱ्या पडलेल्या, बाभळी माजलेल्या जमिनीत उभा ऊस बघितला. परत येताना टेम्पोत त्या दोन घरांतले कर्ते समोरासमोर बसले होते. त्यातले एक तात्या दुसऱ्यांना म्हणाले, “बांधाचं आपुन नंतर बघू. आधी बांध राह्यला तरी पायजे.”

पहिल्यांदा काम फसलं. ज्यांना काम दिलं होतं त्यांनी उतार मोजलाच नाही. शंभर फुटांना दोन-अडीच इंचांचा उतार लागतो, तो डोळ्यांना दिसत नाही, यंत्रानंच काढावा लागतो. पाइप मध्येच चढला, पाणी मागं फुगलं आणि आमच्या वरच्या शेजाऱ्याच्या रानात दलदल झाली. परत उकरा, परत पैसे. त्या उन्हाळ्यात मी आईच्या पाटल्या गहाण ठेवल्या, हे आण्णांना अजून माहीत नव्हतं, आता वाचतील. दुसऱ्यांदा लेव्हल लावून, एकेक पाइप तपासून टाकला. 2016 च्या मे महिन्यात काम पुरं झालं आणि जूनच्या तिसऱ्या आठवड्यात चांगला पाऊस लागला.

ओढ्यात जिथं पाइपाचं तोंड सोडलं होतं तिथं आम्ही बाराही घरची माणसं जमलो होतो. आधी नुसतं ठिबकत होतं. मग बोटाएवढी धार आली, मग मनगटाएवढी. आण्णा ओढ्याच्या उतरणीला बसत बसत खाली गेले, ओंजळ धरली आणि पाणी जिभेला लावलं. थुंकले. वर आमच्याकडे बघून म्हणाले, “खारट हाय. लई खारट हाय.” त्यांचा चेहरा उजळला होता. तीस वर्षं जे रानात साठत गेलं ते बाहेर पडताना त्यांनी चाखून बघितलं होतं.

इथं एक गोष्ट सांगायलाच हवी, कारण ती मला छळते. ते पाणी ओढ्यातून नदीला जातं. नदीच्या खालच्या अंगाला माणसं आहेत, त्यांची पिकं आहेत. आमचं रान सुटलं म्हणून खारट पाणी सुटलेलं नाही. त्यामुळे निचऱ्याचे पाइप टाकून परत पहिल्यासारखं पाट सोडायचं, हा मला अपराध वाटतो. पाइप टाकल्यावर खरं काम सुरू होतं: मुळात पाणीच कमी घालायचं.

त्याआधी पाचटाचं, म्हणजे उसाच्या वाळल्या पाल्याचं, सांगते. तोड झाली की रान पेटवायचं, ही आमच्याकडची रीत. रात्री नदीच्या दोन्ही काठांना जाळाच्या रेघा दिसायच्या. सकाळी रान साफ, काळं, सऱ्या मोकळ्या. आम्हाला ते नीटनेटकं वाटायचं. 2014 च्या खोडव्याला, म्हणजे तोडीनंतर त्याच बुडख्यांतून फुटणाऱ्या उसाला, मी पेटवू दिलं नाही. कागदावर मांडून आण्णांना दाखवलं: एकरी 4 टन पाचट धरा. त्यात नत्र अर्धा टक्का. म्हणजे 20 किलो नत्र, युरियाचं जवळजवळ एक पोतं. पालाश त्याच्याहून जास्त. शिवाय निदान सव्वा टन कर्ब. आपण तीस वर्षं दरसाल काडी लावून हे धुरात सोडलं आणि मग उधारीवर पोती आणली.

आण्णांनी हिशोब बघितला, पण बोलले वेगळंच. “बुडख्यावर पाचट ठिवलं तर उंदीर व्हत्यात. आन् शेजारच्यानं पेटवल्यावर आपलं जळलं तर?” ती भीती खरी होती. त्या वर्षी आम्ही रात्रपाळीनं राखण केली, चारी बाजूंनी सहा फुटांचा पट्टा मोकळा ठेवला. पाचट सरीआड सरीत लोटायचं, बुडखे जमिनीलगत धारदार कोयत्यानं छाटायचे म्हणजे कोंब खालच्या डोळ्यांतून जोमानं फुटतात. टनाला 8 किलो युरिया, 10 किलो सुपर फॉस्फेट आणि किलोभर जिवाणू खत पाचटावर टाकायचं, पाणी द्यायचं. मग खत मात्र वरून फेकून चालत नाही. पहार घ्यायची, बुंध्यापासून वीतभर अंतरावर तेवढंच खोल भोक पाडायचं, मूठभर खताची मात्रा त्यात सोडायची आणि टाचेनं भोक बुजवायचं. फूटभर पुढं जायचं. परत पहार. हे काम आईनं आणि गल्लीतल्या चार बायकांनी केलं. उत्पादनवाढीच्या यशोगाथांत फोटो मालकाचा असतो. आमच्या रानातल्या प्रत्येक बुंध्याशेजारी जे भोक पडलं ते या पाच बायकांच्या खांद्यांनी पाडलं. आईचा उजवा खांदा तेव्हापासून रात्री दुखतो. नंतर आम्ही ठिबकमधून विरघळणारी खतं द्यायला लागलो, आणि मला त्या तंत्रज्ञानाचं सगळ्यात मोठे उपकार काही वाटत असतील तर ते हेच, की आईच्या हातातली पहार सुटली.

दुसऱ्या पावसाळ्यात मी पाचटाचा थर हातानं उचलून बघितला. वरचं कोरडं, खणखणीत. त्याच्याखाली तपकिरी, मऊ, ओल्या पोत्यासारखं. आणि त्याच्याखाली मातीला चिकटलेली पांढरी तंतूंची जाळी, तिला बुरशीचा गोडसर वास, आणि गांडुळांनी टाकलेल्या बारीक गोळ्यांचे ढिगारे. उसाची बारीक पांढरी मुळं जमिनीतून वर येऊन पाचटात शिरली होती. मुळं खाली जातात असंच मी मुलांना शिकवत आले होते. इथं ती अन्नाच्या मागावर वर चढली होती. मी आईला हाक मारली, तिनं बघितलं, पदरानं हात पुसला आणि म्हणाली, “ही तर घरच्यावाणी राह्यल्यात.” शेजारच्या जाळलेल्या रानात पाळीनंतर आठव्या दिवशी भेगा दिसत होत्या. आमच्यात बाराव्या दिवशीही मुठीत गोळा होत होता आणि पडून फुटत होता.

कीटकांच्या बाबतीत आण्णांना मला काही पटवावं लागलं नाही, कारण ते 2002 सालानं पटवलं होतं. त्या वर्षी उसावर लोकरी मावा आला. पानांच्या खालच्या बाजूला कापूस पिंजून चिकटवल्यासारखा थर, वरच्या पानांवर काळी काजळी, आणि रानातून फिरून आलं की अंगाला चिकट चिकट. सांगली जिल्ह्यातून तो बघता बघता पसरत गेला. आण्णांनी कर्ज काढून फवारण्या केल्या. सात-आठ फूट वाढलेल्या उसात फवारा नेमका खालच्या पानाला लागत नाही, अंगावर मात्र येतो. दोनदा त्यांना उलट्या झाल्या. शेवटी मावा आटोक्यात आणला तो त्याला खाणाऱ्या किड्यांनी. डिफा नावाची अळी आणि मायक्रोमस. विद्यापीठं आणि कारखान्यांनी त्या वाढवून शेतकऱ्यांना वाटल्या. आण्णांनी अळ्या असलेल्या पानांचे तुकडे आणून उसाच्या पानांना टाचले होते, एखाद्या पाहुण्याला घर दाखवावं तसे रांगेनं फिरून. तेव्हापासून बायकोला न विचारता आण्णा कीटकनाशकाचा डबा घरात आणत नाहीत. हुमणीलाही, म्हणजे उसाची मुळं खाणाऱ्या भुंगेऱ्याच्या अळीलाही, आमचा इलाज जुनाच: वळवाचा पहिला पाऊस पडला की संध्याकाळी भुंगेरे कडुलिंबावर आणि बाभळीवर जमतात, फांद्या हलवायच्या, गोळा करायचे, रॉकेलच्या पाण्यात टाकायचे. पण हे एकट्यानं करून उपयोग नाही. भुंगेरा बांध ओळखत नाही.

बेण्याचं थोडक्यात. आता आम्ही एक डोळ्याची रोपं लावतो, पाच बाय दोन फुटांवर. एकरात हिशोबानं 4,356 बसतात. पूर्वी टिपऱ्या, म्हणजे उसाचे तुकडे, दाट दाट टाकायचो, निम्म्या मरायच्या आणि उरलेल्या एकमेकांच्या सावलीत वाळायच्या. वरच्या रानात को 86032 ही जात, खालच्यात फुले 265, कारण ती क्षार जरा सोसते.

आता पाण्याचं. ठिबक आम्ही 2015 ला बसवलं आणि पहिली दोन वर्षं चुकीचं वापरलं. नळी नवी, डोकं जुनं. आण्णांना सरी भरलेली दिसल्याशिवाय पाणी दिल्याचं समाधान नव्हतं, आणि खरं सांगायचं तर मलाही नव्हतं. पाच पाच तास मोटर चालायची. दोन ड्रिपरच्या मधली जागा वरून कोरडी दिसली की आम्हाला ऊस तहानलेला वाटायचा. मग मी एका प्रशिक्षणात टेन्शिओमीटर बघितला. प्लॅस्टिकची नळी, खाली मडक्यासारख्या सच्छिद्र मातीची वाटी, वर घड्याळासारखी तबकडी. नळीत उकळून गार केलेलं पाणी भरायचं आणि वाटी मुळांच्या खोलीवर पुरायची. माती कोरडी झाली की ती वाटीतून पाणी ओढते आणि काटा चढतो. म्हणजे मुळाला पाणी ओढायला किती जोर लावावा लागतो, तेवढंच तो काटा सांगतो. मी दोन आणले, एक फूटभर खोलीला, दुसरा दोन फुटांना.

पुरल्यानंतर आठव्या दिवशीची गोष्ट. वरून माती वाळली होती, पानं दुपारी जराशी मिटल्यासारखी दिसत होती. आण्णा म्हणाले, पाणी द्यायला झालंय. मी काटा बघितला. फूटभरावर 14, दोन फुटांवर 8. म्हणजे खाली चिखल होता. आम्ही वीतभर रुंद, दोन फूट खोल खड्डा घेतला. आण्णांनी खालची माती काढून मूठ आवळली, सोडली. गोळा चेपून बसला. त्यांनी तो परत उचलला, परत सोडला. मग किती तरी वेळ काही बोलले नाहीत. शेवटी म्हणाले, “म्हंजी मी वरनंच बघत आलो.”

माझ्या मनाला हे लागलं, कारण त्यांची मूठ चुकीची नव्हतीच. मूठ खरी होती, फक्त ती दोन फूट खाली पोहोचत नव्हती. काट्यानं त्यांची मूठ खाली नेली. त्या आठवड्यात आम्ही पाणी दिलं नाही. पुढच्या आठवड्यात फूटभरावरचा काटा 35 ला गेल्यावर दीड तास दिलं. त्या वर्षी मोटर निम्म्याहून कमी चालली. आणि 2018 च्या तोडीला वरचं रान एकरी 58 टन आलं. खालचं 37. खत वाढवलं नव्हतं, उलट युरियाची दोन पोती कमी केली होती. पाणथळ मातीत दिलेलं नत्र हवेत उडून जातं, हे मला माहीत होतं. किती पैसे उडत होते ते तोवर माहीत नव्हतं.

2019 च्या ऑगस्टमध्ये महापूर आला. खालचं रान आठ दिवस पाण्याखाली होतं, उसाच्या शेंड्यापर्यंत. शेंड्यात पाणी गेलं की सुरळी कुजते आणि वाढ तिथंच संपते. ठिबकच्या नळ्या ओढ्याकडेच्या बाभळींत गुंतलेल्या सापडल्या. कुठलीही पद्धत, कुठलंही यंत्र त्या आठ दिवसांत आमच्या कामाला आलं नाही, आणि शाश्वत शेतीवर भाषण करणाऱ्यांनी हे प्रामाणिकपणे सांगायला हवं असं मला वाटतं. एवढंच दिसलं, की पूर ओसरल्यावर ज्या बारा जणांच्या रानात पाइप होते तिथं आम्ही महिन्याभरात पाय टाकू शकलो. पलीकडच्या रानांना दिवाळी उलटली.

2025 च्या जानेवारीत मी आण्णांना घेऊन बारामतीला कृषिक प्रदर्शनाला गेले. तिथल्या अॅग्रिकल्चरल डेव्हलपमेंट ट्रस्टनं मायक्रोसॉफ्ट आणि ऑक्सफर्ड विद्यापीठाच्या मदतीनं उसात कृत्रिम बुद्धिमत्तेचा प्रयोग मांडला आहे. जमिनीत सेन्सर, रानात छोटं हवामान केंद्र, वरून उपग्रहाची चित्रं, आणि या सगळ्यावरून काढलेला सल्ला शेतकऱ्याच्या मोबाइलवर. ऊस हिरवागार, जाड, बघत राहावा असा होता. आण्णांनी तिथल्या मुलाला विचारलं, “ह्यो फोन पाणी द्या म्हणून जास्त सांगतोय का नको म्हणून?” मुलगा जरा थांबला. म्हणाला, “आजोबा, बहुतेक वेळा थांबा म्हणूनच सांगतो.” आण्णांनी मान हलवली, आणि परतीच्या गाडीत दोनदा ते वाक्य स्वतःशीच म्हणाले.

मला ते यंत्र हवंय. मी त्याला घाबरत नाही आणि त्याला देवही मानत नाही. पावणेतीन एकरवाल्याला ते एकट्याला परवडणार नाही, पण जे बाराजण पाइपासाठी एकत्र आले ते एका हवामान केंद्रासाठीही येऊ शकतात, त्यासाठी आमच्या बैठका चालू आहेत. माझी अट एकच आहे. सल्ला मोबाइलवर आला तरी रानात जाऊन माती उचलायची. ज्या दिवशी आम्ही फक्त पडदा बघून मोटर लावू, त्या दिवशी आम्ही परत बांधावर झोपून पाणी सोडायला लागलो असं समजायचं.

त्या चार-पाच गुंठ्यांच्या कोपऱ्याचं सांगायचं राहिलं. निचरा झाल्यावर तीन वर्षं तिथं धैंचा हे हिरवळीच्या खताचं पीक केलं आणि फुलोऱ्याआधी गाडलं. पूर आला, परत धैंचा. मग गेल्या वर्षी तिथली माती तपासली: क्षारता 2.1, कर्ब 0.57. मी ऊसच लावणार होते. आई मध्ये पडली. लग्न होऊन आली तेव्हा त्याच कोपऱ्यात शाळू होता, सासऱ्यांनी तिला तिथंच पहिला हुरडा दिला होता. तिला परत तिथं शाळू बघायचा होता. तिनं आजवर रानात काय लावायचं हे कधी सांगितलं नव्हतं. तिला विचारलंच नव्हतं कुणी.

सप्टेंबरअखेरीचा पाऊस उघडून सहा दिवस झाले होते. बी तयार, पाभर बांधलेली, बैल शेजारच्यांचे. आई सकाळपासून ओटीत बी घेऊन बांधावर बसलेली. आण्णांनी चप्पल काढली, कोपऱ्यात गेले, टाच दाबली, वाकले, मूठ आवळली आणि सोडली. चेपला. आज नको, म्हणाले. आई काही न बोलता बी घेऊन घरी आली. दुसऱ्या दिवशी परत बांधावर. परत चेपला. तिसऱ्या दिवशी आण्णा आत गेलेच नाहीत, बांधावर उभं राहून आईला म्हणाले, “तूच बघ की.” आईनं चपला काढून त्यांच्या चपलांशेजारी ठेवल्या, आत गेली, आणि वाकून माती उचलली.